विठोबाच्या हवाली

चिकित्सक : माझी पहिली अडचण अगदी साधी आहे. प्रार्थना म्हणजे मागणं असेल, तर मागितलेलं मिळतं की नाही हे तपासता येतं, आणि लोकांनी ते तपासलंही आहे. २००६ साली अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा रुग्णालयं, बायपास शस्त्रक्रिया झालेले १८०२ रुग्ण, त्यांचे तीन गट. एका गटासाठी अनोळखी भाविक प्रार्थना करत होते, दुसऱ्यासाठी कोणी करत नव्हतं, आणि आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे की नाही हे या दोन्ही गटांना माहीत नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१. तिसऱ्या गटासाठीही प्रार्थना होत होती आणि त्यांना तसं स्पष्ट सांगितलं होतं. त्यांच्यात ते ५९ टक्के निघालं. यावरून प्रार्थना घातक असते असं मी म्हणणार नाही. तिचा उपयोग झाल्याचं दिसलं नाही, एवढंच म्हणतो. ताई, हात जोडणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात तुच्छता नाही. त्याची होणारी फरफट बघवत नाही म्हणून बोलतो. घरात आधीच पैशांची ओढाताण, त्यात नवसाचा बोकड, अभिषेकाची पावती, बुवांची दक्षिणा. आणि एवढं करून पदरात काही पडलं नाही, की तुझीच श्रद्धा कमी पडली, हेही त्यानेच ऐकून घ्यायचं.

भाविक : नवसाचं म्हणाल तर मी तुमच्याच बाजूची आहे, आणि तुकोबाही. नवसाने मूल होतं या समजुतीचा त्यांनी इतका रोखठोक समाचार घेतला आहे की अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांना आजही त्यांचाच आधार घ्यावासा वाटतो. तुमचे आकडेही मला मान्य आहेत. ते उलटे आले असते तरी माझा विठ्ठल त्यांनी सिद्ध झाला नसता. पण मागणं हा प्रार्थनेचा उंबरठा आहे, माणूस त्याच्या आतही जातो. एका आषाढीला दर्शनबारीत माझ्यापुढे एक मावशी होत्या. रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत गेलेली. पावसाने पायाखाली चिखल, डोक्यावर पिशवी, पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. रात्रभरात त्यांनी मला सगळं सांगितलं. मुलगा घर सोडून गेलेला, बरीच वर्षं झाली, पत्ता नाही. तो परत येऊ दे, एवढं एकच मागायला त्या दरवर्षी यायच्या. सकाळी आम्ही गाभाऱ्यात पोचलो. तिथे किती वेळ मिळतो, तुम्हाला माहीत असेल. डोकं पायांवर टेकेपर्यंत ‘चला, पुढे चला’ सुरू होतं. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, ‘अगं बाई, मागायचं राहूनच गेलं.’ आणि हे सांगताना त्या रडत नव्हत्या. पंढरपुरात हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलंय. जे मागायला आलो तेच विसरायला होतं, तरी माणूस रिकाम्या हाताने परततोय असं त्याला वाटत नाही. तुमच्या अभ्यासात हे कुठल्या रकान्यात भरणार?

चिकित्सक : रात्रभर उभं राहिलेलं माणूस काहीही विसरेल. दमणुकीने मन रितं होतं, गर्दीत आपलं दुःख थोडं सैल होतं, हजारो लोक एकाच दिशेने बघत असले की आधार वाटतो. हे सगळं खरं आहे आणि मोलाचंही आहे. त्यासाठी विटेवर कोणी असावं लागत नाही. पण माझा खरा प्रश्न वेगळा. मुलगा हरवला तर मी आधी विचारेन की पोलिसांत तक्रार दिली होती का, फोटो छापून आणला होता का.

भाविक : दिली होती. फोटो छापला, मुंबई-पुण्याच्या स्टेशनांवर माणसं पाठवली, कोणी सुरतेला दिसला म्हणालं तर सुरतेला जाऊन आल्या. करण्यासारखं जे होतं ते करून झालं होतं. मी प्रार्थनेची बाजू मांडते ती याच जागेपासून. जिथे हात पोचतो तिथे हात चालवावा, याबद्दल आपल्यात भांडण नाही. पण काही ओढी अशा असतात की त्यांच्यावर करण्यासारखं काही उरत नाही आणि तरी त्या संपत नाहीत. त्यांचं माणसाने काय करायचं? दाबून टाकायच्या? लोक सांगतात, विसरा आता. वारकरी संतांनी ते कधी सांगितलं नाही. ज्ञानोबांच्या विराण्या वाचा. ज्याने नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरीसारखा ग्रंथ सांगितला, ज्याला अद्वैताचा शेवटचा शब्द माहीत होता, तोच बाईच्या आवाजात, भेट का होत नाही म्हणून व्याकूळ होतो. सगळं एकच आहे हे कळल्यावर विरह उरायला नको होता. पण तो उरला आणि त्यांनी तो लपवला नाही. माझ्यासाठी शरणागतीचा अर्थ तिथे सुरू होतो. ओढ तशीच ठेवायची, आणि ती कधी, कशी, कोणत्या रूपात पुरी व्हावी यावरचा आपला हक्क सोडायचा.

चिकित्सक : हक्क सोडायचा, हे ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. पंढरपुरात कोणाला हक्क सोडायला लावला गेला, ते महाद्वारासमोरच दिसतं. नामदेव पायरीच्या समोर चोखोबांची समाधी आहे. जिवंतपणी त्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना ते कोसळलं आणि त्याखाली सापडून ते गेले. नामदेवांनी अस्थी आणल्या, त्या पुरल्या त्याही दाराबाहेर. काही अभंगांत चोखोबा आपली अवस्था पूर्वजन्मीच्या कर्माचं फळ म्हणून सोसताना दिसतात. ज्यांनी दार बंद केलं, त्यांच्याच वंशजांनी पुढे त्या विरहाचं किती कौतुक केलं! दाराबाहेरच्या माणसाची तळमळ गोड लागते ती आतल्या माणसाला. त्यांचा मुलगा कर्ममेळा गप्प बसला नाही. असल्या जन्माला घालून वर भक्तीची अपेक्षा कशी ठेवतोस, हा त्याचा देवाला सरळ सवाल आहे. पण कीर्तनात कर्ममेळा किती वेळा ऐकू येतो? दार अखेर उघडलं ते १९४७ साली. साने गुरुजींनी मे महिन्यात पंढरपुरात उपोषण मांडलं, त्याआधी महाराष्ट्रभर फिरून लोकमत उभं केलं, तेव्हा. सहाशे वर्षांच्या प्रार्थनेने जे झालं नाही ते दहा दिवसांच्या उपोषणाने झालं.

भाविक : यातलं बरंचसं मला मान्य करावं लागेल, आणि ते करताना वाईट वाटतं. कर्ममेळ्याबद्दल तर पूर्णच. पण साने गुरुजी कोण होते? सगळं आयुष्य प्रार्थनेत घातलेला माणूस तो. तनपुरे महाराजांच्या मठात ते उपोषणाला बसले ते देवावर विश्वास नव्हता म्हणून नाही. हा देव सर्वांचा आहे आणि त्याला काही जणांपासून तोडलं आहे, ही त्यांची वेदना होती. माझ्या मते ती चोखोबांचीच ओढ होती, फक्त या वेळी ती आतल्या माणसाला लागली. आणि आणखी एक सांगते. धर्म सोडण्याची घोषणा ज्यांनी १९३५ साली येवल्यात केली, त्या बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या इतिहासावरचं पुस्तक नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केलं. चोखोबांची शरणागती ही निव्वळ गुलामी असती, तर त्यांच्यासारख्या माणसाने हे केलं असतं?

चिकित्सक : अर्पणपत्रिका म्हणजे सहमती नाही. १९३६ साली जातिसंहारावरच्या त्यांच्या निबंधावर गांधींनी टीका केली, त्या उत्तरात बाबासाहेबांनी संतांबद्दल काय म्हटलं आहे ते आठवा. संतांनी जातिव्यवस्थेविरुद्ध मोहीम चालवली नाही, त्यांना काळजी होती ती माणूस आणि देव यांच्या नात्याची, माणसामाणसांतल्या नात्याची नाही, असं त्यांचं म्हणणं. देवापुढे सगळे सारखे, हे कबूल करून पंगत वेगळीच ठेवता येते. शरणागतीचा हाच धोका मला वाटतो. देवाशी हिशेब मिटला की माणसाशी असलेला हिशेब तसाच पडून राहतो.

भाविक : तुकोबांचा नाही राहिला. १६३० च्या दुष्काळात दख्खन होरपळून निघाली. गुरं गेली, व्यापार बुडाला, पहिली बायको रखमा अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. त्यानंतर ते डोंगरावर जाऊन बसले. एवढंच असतं तर तुमचं म्हणणं खरं ठरलं असतं. पण परंपरा सांगते की डोंगरावरून आल्यावर त्यांनी भाऊ कान्होबाबरोबर घरातली कर्जखतं काढली, वाटणी केली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. घराणं सावकारीचं होतं. लोक त्यांचे देणेकरी होते आणि तेही त्याच दुष्काळातून गेले होते. देवापुढे हक्क सोडलेल्या माणसाने पहिल्यांदा दुसऱ्याच्या मानगुटीवरचा हक्क सोडला. माझ्या दृष्टीने शरणागती खरी की खोटी हे यावरून ओळखावं. आणि ती मुकी असते असंही नाही. पुढे त्यांच्या वह्या बुडवल्या गेल्या, तेव्हा नदीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून ते पडून राहिले असं सांगतात. देवाशी त्यांनी जेवढं भांडण केलं, तेवढं त्याला न मानणाऱ्यांनीही केलं नसेल. कुठे त्याला दिवाळखोर ठरवतात, कुठे आपल्यापुरता तो संपला म्हणून सांगून मोकळे होतात. शरण जाणं म्हणजे मान खाली घालून गप्प बसणं, असं जो समजतो त्याने गाथा उघडलेलीच नाही.

चिकित्सक : गाथा मी वाचली आहे, आणि ती माझ्याही जवळची आहे. पण तुम्ही सांगितलेल्या गोष्टीत एक माणूस सुटलंय. जिजाई, त्यांची दुसरी बायको. नवरा डोंगरावर, घरात लेकरं, आणि होतं-नव्हतं ते कर्जखतांच्या रूपाने नदीत. चूल पेटवायची जबाबदारी कोणावर? आपल्या कथाकीर्तनांनी तिला कजाग ठरवलं. विठ्ठलाला शिव्या घालणारी, नवऱ्याच्या मागे भाकरी घेऊन डोंगर चढणारी बाई म्हणून लोक तिला हसले. तिच्या तोंडच्या शिव्यांत जे दुःख होतं, ते तुकोबांच्या भांडणापेक्षा कमी होतं का? त्यांच्या भांडणाला आपण अभंग म्हणतो आणि तिच्या भांडणाला कटकट. एकाने हक्क सोडला की त्याचं ओझं दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्यावर येतं, आणि शरण गेलेल्याला ते बहुधा दिसत नाही.

भाविक : याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. जिजाईने कशाकशातून दिवस काढले असतील याचा विचार मी अनेकदा करते, देहूला गेले की जास्तच. तिलाही कशाची तरी ओढ होती, आणि ती लिहून ठेवायला कोणी नव्हतं. शिऊरच्या बहिणाबाईंनी आपली लिहिली म्हणून निदान एवढं कळतं की तुकोबांचा ध्यास घेतला म्हणून नवऱ्याचा मार खावा लागत होता आणि तरी तो ध्यास सुटला नाही. तुमचा मुद्दा मी असा घेते की कोणाच्या शरणागतीकडे बघताना तिची किंमत कोण भरतंय हेही बघायचं. मान्य. पण तेवढ्यावरून शरण जाणंच चूक ठरत नाही. २०२० साली करोनात पायी वारी झाली नाही, पादुका एसटीतून पंढरपुरात आणल्या. पिढ्यान्‌पिढ्या वारी न चुकलेल्या घरांतली माणसं त्या दिवशी घरात बसून होती. ती आतून तुटली होती, पण रस्त्यावर उतरली नाहीत. आपल्या ओढीपायी दुसऱ्याच्या जिवावर बेतू नये म्हणून त्यांनी वारीच विठ्ठलाच्या पायाशी ठेवली. तिथे ओझं त्यांनी स्वतःच उचललं.

चिकित्सक : तो सरकारचा आदेश होता, आणि योग्य होता. पण ठीक आहे, मनाने स्वीकारणं आणि नाइलाजाने पाळणं यात फरक असतो, हे मी मानतो. आता माझ्या बाजूचं थोडं सांगतो. माझे वडील गेल्याला बरीच वर्षं झाली. अजूनही क्रिकेटचा एखादा सामना अटीतटीचा झाला की हे दादांना सांगायला पाहिजे, असं पहिल्यांदा मनात येतं. क्षणभर मी त्यांच्याशी बोलतोसुद्धा. तिकडून उत्तर येत नाही, आणि यावं अशी अपेक्षाही नसते. ओढ आहे, हक्क नाही. तुम्ही शरणागतीचं जे वर्णन केलं ते सगळं माझ्याकडे देवाशिवाय आहे.

भाविक : मग तुम्ही प्रार्थना करताच की.

चिकित्सक : नाही ताई, एवढं मात्र करू नका. माझ्या दुःखाला तुमच्या प्रार्थनेच्या खात्यात टाकू नका. फरक मोठा आहे. ऐकणारं कोणी नाही, हे मला माहीत आहे आणि ते माहीत असूनच मी बोलतो. त्या माहीत असण्यात माझा प्रामाणिकपणा आहे. तुमच्या मावशींना वाटतं की कोणीतरी ऐकतंय. ते नसेल, तर त्या ज्याच्या भरवशावर इतकी वर्षं उभ्या आहेत ते काहीच नाही.

भाविक : बरोबर. मी घाई केली, तुमचं दुःख तुमचंच राहू दे. आणि मीही तुमच्याइतकीच स्पष्ट बोलते. ऐकणारं कोणी नसलं तरी चालेल, मनाला बरं वाटतं तेवढं पुरे, असं मी म्हणणार नाही. अलीकडे बरेच सुशिक्षित भाविक तसं म्हणतात, आणि त्यांना वाटतं की त्यामुळे श्रद्धा सुरक्षित झाली. मला ते पटत नाही. जनाबाई दळताना कोणाशी तरी बोलत होती. स्वतःच्या मनाशी बोलायचं असतं तर तिने इतक्या हक्काने त्याला बोल लावला नसता. विटेवर कोणी नसेल तर माझं सगळं आयुष्य चुकलं, हे मी कबूल करते. ही जोखीम घेऊनच मी हात जोडते. तुमच्याकडे ओढ आहे, पण ही जोखीम नाही. आपल्यातला फरक मला इथे दिसतो.

चिकित्सक : हे बोलणं मला आवडलं, कारण यात पळवाट नाही. मग त्या मावशींकडेच परत जाऊ. त्यांनी नेमकं काय सोडलं? मुलगा येईल ही आशा सोडली असेल, तर त्यांची वारी संपायला हवी होती. आशा धरून असतील, तर ते मागणंच आहे, गाभाऱ्यात उच्चारायचं राहून गेलं एवढंच.

भाविक : याबाबतीत त्यांनी मला जे सांगितलं ते मी अजून सांगितलेलं नाही. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही, जवळच्या माणसांना ज्याची काही खबर नाही, त्याला कायदा मृत धरू शकतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं, २०२३ च्या साक्ष्य अधिनियमातही ते ठेवलं आहे. आपली जुनी रीतही साधारण अशीच, बारा वर्षं वाट बघून पालाशविधी करायचा आणि उत्तरक्रिया उरकायची. घरच्यांनी ठरवलं की कोर्टातून मृत्यूचा दाखला काढायचा. सातबाऱ्यावर त्याचं नाव होतं, वारसनोंद झाल्याशिवाय काहीच पुढे सरकत नव्हतं. सगळ्यांनी सह्या केल्या, मावशींनी केली नाही. मी विचारलं, तुम्ही तर सगळं देवावर सोडलंय म्हणता, मग कागदाला का अडून बसलात? तर म्हणाल्या, ‘विठोबाच्या हवाली केलाय मी त्याला, तलाठ्याच्या नाही.’ मला वाटतं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. आशा आणि हक्क यांच्या मधली एक जागा त्यांनी शोधली आहे. तो येईलच असं त्या म्हणत नाहीत आणि तो नाही असंही कोणाला म्हणू देत नाहीत.

चिकित्सक : वाक्य मोठं आहे, पण मी त्यापुढे हात जोडून थांबणार नाही. मुलाचं लग्न झालं होतं?

भाविक : झालं होतं. सून त्यांच्याकडेच राहते. एक मुलगी आहे.

चिकित्सक : मग जिजाई इथेही आहे. दाखला नाही म्हणून ती विधवा नाही, नवरा नाही म्हणून सवाष्णही नावापुरतीच. जमिनीत वाटा मागता येत नाही, विम्याचे पैसे असतील तर हातात येत नाहीत, दुसरं लग्न करायचं मनात आलं तर कोर्टाच्या पायऱ्या, आणि घरातूनच विरोध. मावशींनी मुलाला विठोबाच्या हवाली केलं. पण त्याच्याबरोबर सुनेचं सगळं आयुष्यही हवाली केलं, तिला न विचारता. सासूच्या शरणागतीला तुम्ही खरी म्हणाल का? तुमचीच कसोटी लावा. तुकोबांनी दुसऱ्याच्या मानेवरचा हक्क सोडला होता.

भाविक : मी सुनेला विचारलं नाही. विचारायला हवं होतं. कदाचित तिलाही वाट बघायची असेल.

चिकित्सक : असेल. पण तिला बघायची नसेल तर?

भाविक : तर मी मावशींना सांगेन की सही करा. सांगताना माझी जीभ जड होईल, तरी सांगेन. तुमच्या ओढीवर कोणाचा अधिकार नाही, पण तुमच्या सहीवर त्या पोरीचा आहे, असं सांगेन. दुसऱ्या कोणाला ‘तू शरण जा’ असं सांगण्याचा अधिकार कोणालाही नसतो, इथवर मी तुमच्यामुळे आले आहे. पण त्या उलट विचारतील, ‘बाई, मग विठोबाला मी काय सांगू? तुझ्याकडे ठेवलेला माझा मुलगा मीच मेला म्हणून लिहून दिलं?’

चिकित्सक : त्यांना सांगा की तो कागद फक्त सरकारसाठी आहे.

भाविक : त्या कागदावर त्यांच्या हाताने त्यांच्या मुलाचं नाव लिहिलेलं असेल, दादा. तुम्हाला ते फक्त सरकारसाठी वाटेल, कारण तुमच्या मते दुसरं वाचणारं कोणी नाही. त्यांच्या मते आहे. आणि त्यांनी सही करावी असं मला वाटत असूनही, सही केल्यावर त्या पुढच्या आषाढीला त्याच्यासमोर कोणत्या तोंडाने उभ्या राहतील, हे मला सांगता येत नाही.

चिकित्सक : मलाही नाही. पण सून दर आषाढीला घरी थांबून गुरं बघत असेल, एवढं मला कळतं. तिच्याशी आधी बोला.